खांब पक्का, पण छताचं काय?

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला आमच्या न्यू जर्सीतल्या घरी चाळीस माणसं जेवायला होती. ज्या कोपऱ्यात मखर मांडलं होतं, तिथे दोन दिवस आधीपर्यंत छताला भिडलेला एक पोलादी खांब उभा होता, हे त्यांतल्या एकालाही कळलं नाही. कळू नये म्हणूनच मी तो काढला होता. जुन्या चादरीत गुंडाळून कपड्यांच्या कपाटात, हिवाळी कोटांच्या मागे उभा करून ठेवला होता.

पाहुणे गेले, विसर्जन झालं. रात्री साडेदहाला मी घाईघाईने तो परत उभा केला. दोन दिवसांनी त्यावर फिरी घेत असताना त्याचं वरचं टोक छतावरून सटकलं. मी पाठीवर पडले आणि दहा-बारा किलोची ती नळी माझ्या कुशीवर आली. दोन बरगड्यांना तडे, सहा आठवडे हसायचीही चोरी, आणि छतावर हातभर लांबीचा ओरखडा.

हो, पोल डान्सचा खांब. घरी बसवता येणारा आणि काढूनही ठेवता येणारा. आपल्यापैकी काही जणींकडे तो आहे, हे मला आता ठाऊक आहे, कारण अपघातानंतर तिघींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तू कुठला घेतलायस?" हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांनी अजून विचारलेलं नाही त्यांच्यासाठीही.

माझं म्हणणं आधीच सांगते. दोष खांबाचा नव्हता. तो कशाच्या जोरावर उभा असतो हे मी समजून घेतलं नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटत होती. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्या वस्तूची लाज वाटते तिच्याबद्दल आपण कुणाला काही विचारत नाही, आणि न विचारता उभा केलेला खांब पडतो.

तो उभा कसा राहतो?

लहानपणी दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंना हातपाय रोवून वर चढला असाल तर तुम्हाला हे आधीच माहीत आहे. चौकटीत खिळा नसतो, खोबण नसते. तुम्ही दोन्ही बाजूंना जोर लावता, त्यातून घर्षण तयार होतं आणि तुम्ही लटकून राहता. जोर सैल पडला की खाली.

काढता येणारा खांब हेच उभ्या दिशेने करतो. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, दोन्ही टोकांना रबर लावलेल्या चकत्या आणि आत एक स्क्रू जॅक. स्क्रू फिरवला की खांब लांब होऊ पाहतो. वर छत आणि खाली जमीन त्याला लांब होऊ देत नाहीत, म्हणून तो दोघांना रेटतो. छतात एकही बोल्ट नसतो. वरची चकती आडवी सरकत नाही ती केवळ घर्षणामुळे, आणि घर्षण म्हणजे रेटा गुणिले घर्षणांक. साधं सूत्र, त्यावर माझ्या बरगड्या अवलंबून होत्या.

रेटा किती हवा?

चला, हिशोब करू. 60 किलो वजनाची व्यक्ती, 8 फूट म्हणजे 2.44 मीटर उंचीची खोली. ती व्यक्ती खांबाच्या मध्यावर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य खांबापासून अर्धा मीटर दूर आहे. दोन सेकंदांत एक फेरी, म्हणजे काही फार वेग नाही.

या फेरीसाठी लागणारं अभिकेंद्री बल येतं सुमारे 300 न्यूटन. तेवढ्याच जोराने खांब बाहेरच्या बाजूला ओढला जातो. ती व्यक्ती मध्यावर असल्याने हा भार वर-खाली निम्मा वाटला जातो, म्हणून छताच्या वाट्याला 150.

शिवाय ती खांबाच्या एका बाजूला लटकली आहे, त्यामुळे तिचं वजन खांबाला कलंडवू पाहतं. 588 न्यूटन वजन, अर्ध्या मीटरचं अंतर, भागिले खोलीची उंची. छताशी आणखी 120 न्यूटनचा आडवा जोर लागतो, आणि तो आधीच्याच दिशेने. जमिनीशी मात्र हे दोन जोर एकमेकांच्या विरुद्ध असतात, म्हणून तिथलं ओझं हलकं होतं. छताशी एकूण 270, जमिनीशी 30. खांब वरून सटकतो, खालून सहसा नाही, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण मला खरं तर जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमचं वजन खांबाला खाली ढकलतं, म्हणजे छतापासून दूर. तुम्ही खांबावर चढता त्या क्षणी जमिनीवरचा रेटा वाढतो आणि छतावरचा कमी होतो. छत आणि जमीन सारख्याच लवचीक असतील तर वजनाचा निम्मा भाग, इथे सुमारे 295 न्यूटन, छतावरच्या रेट्यातून वजा होतो. जमीन जितकी मऊ, तितकी ही वजाबाकी मोठी. जाड गालिच्यावर खांब उभा करू नये तो यासाठी.

आता घर्षणांक 0.4 धरा. 270 न्यूटनचा आडवा जोर पेलायला 675 न्यूटन रेटा हवा. त्यात वजा होणारे 295 मिळवले की झाले 970. म्हणजे कुणी हात लावण्याआधीच खांबाने छताला जवळजवळ 100 किलो भाराने वर रेटलेलं असलं पाहिजे. हेही काठावरचं गणित. उडी मारून पकड घेतली, खांबाच्या आणखी वरच्या भागात फिरी घेतली, तर जोर वाढतो. सुरक्षिततेसाठी दुप्पट धरायचं तर 200 किलो.

छतामागे काय आहे?

आता प्रश्न असा की, तुमच्या दिवाणखान्याचं छत हा भार घ्यायला तयार आहे का?

अमेरिकेतल्या बहुतेक घरांचं आणि दोन-तीन मजली अपार्टमेंटांचं छत म्हणजे अर्ध्या इंचाच्या आसपासचं ड्रायवॉल. कागदाच्या दोन थरांत दाबलेलं जिप्सम. त्यामागे साधारण 16 इंचांवर, कधी 24 इंचांवर, लाकडी कड्या असतात. त्यांनाच इथे जॉइस्ट म्हणतात. कडीची जाडी फक्त दीड इंच. म्हणजे छतावर डोळे मिटून बोट ठेवलंत तर त्यामागे कडी असण्याची शक्यता दहात एक. उरलेल्या नऊ वेळा पोकळी.

खांब कडीखाली असेल तर भार लाकडावर जातो आणि लाकूड तो सहज घेतं. पोकळीखाली असेल तर तो ड्रायवॉलला वाकवतो. लगेच तडा जात नाही, हीच तर फसगत. ते भाराखाली हळूहळू वाकत राहतं, जितकं वाकतं तितका रेटा कमी होतो, आणि तुम्हाला मात्र काल घट्ट बसवलेला खांब आजही घट्टच वाटतो. माझं नेमकं हेच झालं. मखरासाठी सोफा हलवला होता, तो पूर्ण मागे सरकवायचा कंटाळा केला आणि खांब आधीच्या जागेपासून वीतभर बाजूला उभा केला. कडी चुकली.

कडी शोधायला महाग यंत्र लागत नाही. फ्रिजवरचं चांगलं जोरकस चुंबक घ्या आणि छतावर सावकाश फिरवा. ड्रायवॉल कडीला स्क्रूंनी जोडलेलं असतं. चुंबक जिथे जिथे चिकटतं तिथे पेन्सिलीने खूण करा. खुणा एका रेषेत आल्या की ती कडी. शेजारची कडी 16 किंवा 24 इंचांवर सापडली तर खात्री.

तुम्ही दुबई, सिंगापूर किंवा जर्सी सिटीच्या उंच इमारतीत राहत असाल तर छत बहुधा काँक्रीटच्या स्लॅबचं असेल. दाबासाठी त्याच्याइतकं उत्तम काही नाही. पण आधी टकटक करून पाहा. स्लॅबखाली फॉल्स सीलिंग असेल तर वरच्या काँक्रीटचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. आणि स्लॅबमध्ये स्वतः भोक पाडायचा विचारही करू नका. काही स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी दोऱ्या असतात. त्या तुटणं म्हणजे तुमच्या बरगड्यांपुरता प्रश्न उरत नाही. उतरतं छत, बीळ पडलेलं जुनं लाकूड, अग्निशामक फवाऱ्याची नळी जवळ असलेली जागा, या सगळ्यांना नमस्कार करून दुसरी जागा पाहायची.

जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित नव्हे

मग स्क्रू खच्चून आवळावा का? तेही नाही. स्क्रू जॅक हे फार ताकदीचं यंत्र आहे. 25 सेंटिमीटरच्या पान्याला तुम्ही चार किलोचा जोर दिलात, स्क्रूचा आटा 3 मिलिमीटरचा असला आणि चार-पंचमांश श्रम आतल्या घर्षणात वाया गेले, तरी वर 400 किलोच्या आसपास रेटा तयार होतो. मोटारी उचलणारा जॅक असाच काम करतो. तुमच्या हाताला काहीच जाणवत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या टाइल्सना जाणवतं.

म्हणून बनवणाऱ्याने सांगितलेल्या पद्धतीने आणि तेवढंच आवळायचं. नंतर वरच्या चकतीच्या कडेने छतावर पेन्सिलीने बारीक रेघ काढायची. खांदा लावून आडवं ढकलायचं, आधी हलकं, मग जोरात, चारही दिशांनी. चकती रेघेपासून मिलिमीटरभर सरकली तरी त्या दिवशी खांबावर चढायचं नाही. चोवीस तासांनी पुन्हा तपासायचं, कारण रबर आणि रंग दबून बसतात. त्यानंतर प्रत्येक वेळी, चढण्याआधी.

खांब सरळ आहे की नाही हे पाहायला ओळंबा किंवा पाणसळ लावायची, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी. एका अंशाचा कल डोळ्याला दिसत नाही, पण आठ फुटांवर तो चार सेंटिमीटर होतो. चकती मग पूर्ण टेकत नाही, एका कडेवर उभी राहते.

ऋतूंचंही भान ठेवा. पोलाद तापमानाने फारसं बदलत नाही. दहा अंशांचा फरक पडला तर खांबाची लांबी मिलिमीटरचा जेमतेम एक-तृतीयांश बदलते. लाकूड मात्र आर्द्रतेने बदलतं. हिवाळ्यात हीटर सुरू झाला, हवा कोरडी पडली आणि लाकडातली आर्द्रता चार टक्क्यांनी उतरली की ते आडव्या दिशेने टक्काभर आकसू शकतं. तुमच्या जमिनीखालच्या नऊ-साडेनऊ इंचांच्या कड्या एवढ्या आकसल्या तर जमीन दोनेक मिलिमीटर खाली बसते. खोली तेवढी उंच झाली, खांब तेवढाच राहिला. ऑक्टोबरात घट्ट असलेला खांब जानेवारीत सैल का, याचं उत्तर हे.

खोक्यावरचा आकडा

आता माझी तक्रार. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की खांब अमुक इतकं वजन पेलतो. हा आकडा नळीचा आहे, तुमच्या घराचा नाही. 45 मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी तुमच्या वजनाने मोडणार नाही, ते मान्य. पण माझीही मोडली नाही. ती आजही सरळसोट आहे. सटकली ती चकती, आणि वाकलं ते छत. त्यांचा उल्लेख माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत होता.

माझ्या मते असा आकडा एकट्याने छापणंच चूक आहे. त्याऐवजी तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत छापाव्यात: किती रेटा हवा, तो कुठल्या प्रकारच्या छताला चालतो, आणि खांब प्रत्येक वेळी उभा करणं ही नवी उभारणी असते. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. "दोन मिनिटांत काढा, दोन मिनिटांत लावा" ही जाहिरातीची भाषा झाली. कडी शोधणं, ओळंबा, आवळणं, रेघ, ढकलून पाहणं, चोवीस तासांनी पुन्हा पाहणं, हे दोन मिनिटांचं काम नाही. काढता येतो याचा अर्थ घर बदलताना नेता येतो, एवढाच घ्यावा. पाहुणे आले की लपवता येतो, असा घेऊ नये.

लपवतो कशासाठी?

मी शाळेत दोरीचा मल्लखांब करत होते. सासरी हे कौतुकाने सांगितलं जातं. आमच्या वाड्यातला एक दादा पुरलेल्या मल्लखांबावर असा काही फिरायचा की बघणाऱ्यांचा श्वास अडकायचा. अंगावर फक्त लंगोट, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसायचं नाही. का दिसावं? उघडी त्वचा लाकडाला धरते, कापड सरकतं. पोल डान्स करणाऱ्या बाईचे कपडे तोकडे असतात तेही याच कारणाने. पोलादावर त्वचेची पकड कापडापेक्षा कितीतरी चांगली. थोडा ओलावा ती पकड वाढवतो, जास्त घाम ती घालवतो. एक घर्षणांक. तो लंगोट आणि शॉर्ट्स यांत भेद करत नाही.

दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. मल्लखांबाला बाळंभटदादा देवधरांची परंपरा आहे, अंग, मान आणि बोंड असा घडवलेला निमुळता लाकडी खांब आहे, एरंडेल आहे. आजचा पोल डान्स नाइटक्लबांतून आला, आणि हे दडवण्यातही अर्थ नाही. तिथे पोटासाठी नाचणाऱ्या बायकांनीच यातल्या बऱ्याच युक्त्या घडवल्या. 2017 साली पोल स्पोर्ट्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला जागतिक क्रीडा महासंघांच्या संघटनेने निरीक्षकाचा दर्जा दिला, आणि 2019 साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. दोन्ही खांब आपापल्या वाटेने चालले आहेत. पण पुरलेला मल्लखांब कितीतरी डोळ्यांनी तपासलेला असतो. गुरुजी, मोठी मुलं, गादी धरणारे. माझा खांब फक्त मी पाहिला होता, तोही रात्री साडेदहाला.

पडल्यानंतर महिन्याभराने सासूबाईंना सगळं सांगितलं, कारण व्हिडिओ कॉलवर मला सरळ बसता येत नव्हतं. मी बोलणी खायच्या तयारीत होते. त्यांनी खांब दाखवायला सांगितला, फोन वर-खाली फिरवायला लावला आणि विचारलं, "वर कशानं धरलाय गं तो?" विकणाऱ्याने, विकत घेणारीने, कुणीच हा प्रश्न इतका थेट विचारला नव्हता. त्या शिवणकाम करायच्या. मशीन हललं की आधी पाय बघायचे, ही त्यांची सवय.

तर काय करावं?

भाड्याचं घर असेल तर आधी भाडेकरार वाचा आणि व्यवस्थापनाला लेखी विचारा. मी अपघातानंतर विचारलं, तेव्हा मला दोनच प्रश्न आले: छताला भोक पडणार का, आणि वरच्यांना हादरे बसणार का. एवढ्यासाठी मी वर्षभर चोरासारखी वागले होते. परवानगी नसेल किंवा छत योग्य नसेल तर स्वतंत्र चौथऱ्यावर उभा राहणारा खांब मिळतो. तो महाग आणि जड असतो, पण छताशी त्याचा संबंध नसतो. स्वतःचं घर असेल तर सुताराकडून दोन कड्यांमध्ये आडवं लाकूड ठोकून घ्या आणि खांब कायमचा बसवा.

खांबाभोवती दीड मीटर मोकळी जागा ठेवा. खाली जाड गादी घाला. दीड मीटरवरून पडून शरीर एका सेंटिमीटरात थांबलं तर गुरुत्वाच्या दीडशे पट धक्का बसतो, दहा सेंटिमीटरांत थांबलं तर पंधरा पट. मात्र गादी मानेवर पडणाऱ्याला वाचवतेच असं नाही, म्हणून उलटं लटकायला आधी वर्गात शिका. आणि घरात कुणीतरी असताना सराव करा.

माझा खांब आता कडीखाली आहे, रेघ काढलेली आहे आणि दर रविवारी नवरा आणि मी मिळून ती तपासतो. यंदा गणपतीला मखर दुसऱ्या कोपऱ्यात बसेल. पाहुणे विचारतीलच, तेव्हा चुंबक कुठे ठेवलं आहे तेवढं मला आठवलं म्हणजे झालं. तुमच्याकडे असा खांब असेल तर आज संध्याकाळी एकदा वर मान करून बघा, चकतीच्या मागे नक्की काय आहे. माहीत नसेल तर शोधून काढेपर्यंत त्यावर चढू नका.